ग्रेट स्लेव्ह लेक: शेजाऱ्याने ठेवलेलं नाव

ज्यांचा भाग ऐकायचा राहिला, त्यांच्यासाठी हा लिखित अवतार. आज आपण जाणार आहोत कॅनडाच्या उत्तरेला, नॉर्थवेस्ट टेरिटरीज नावाच्या प्रदेशात. मोबाइलवर मॅप उघडा आणि ‘ग्रेट स्लेव्ह लेक’ शोधा.

आधी आकार समजून घेऊ. या तलावाचं क्षेत्रफळ साधारण 27,000 चौरस किलोमीटर आहे. म्हणजे त्यात अख्खा गोवा सात वेळा मावेल. खोली 614 मीटर, उत्तर अमेरिकेतली सगळ्यात जास्त. कुतुबमिनारावर कुतुबमिनार असे आठ रचले, तरी वरचं टोक पाण्याखालीच राहील!

पण ही खोली सगळीकडे नाही. पश्चिमेचा भाग सपाट मैदानी प्रदेशात पसरलाय, तो त्या मानाने उथळ आहे. पूर्वेकडचा लांबट फाटा, ज्याला ‘ईस्ट आर्म’ म्हणतात, तो अतिप्राचीन, कठीण खडकात आहे. तिथे जमिनीत जुने भ्रंश होते, म्हणजे खडकांतल्या मोठ्या भेगा. हिमयुगात बर्फाच्या थरांनी त्या आणखी कोरल्या. बर्फ वितळल्यावर इथे एक प्रचंड सरोवर तयार झालं. आजचा ग्रेट स्लेव्ह, त्याच्या उत्तरेचा ग्रेट बेअर आणि दक्षिणेचा अथाबास्का हे तिन्ही तलाव त्याच सरोवराचे उरलेले तुकडे आहेत.

पाणी कुठून येतं? मुख्यतः दक्षिणेकडून, स्लेव्ह नदीतून. आणि पश्चिम टोकाकडून मॅकेन्झी नदी ते थेट आर्क्टिक महासागरात नेते. हिवाळ्यात तलाव इतका घट्ट गोठतो की यलोनाइफ शहरातून समोरच्या डेटा गावाला जायला बर्फावरून गाड्यांचा रस्ता सुरू होतो.

आता नावाकडे येऊ. ‘स्लेव्ह’ म्हणजे गुलाम. मग इथे गुलामांचा बाजार भरायचा का? तर नाही. या तलावाभोवती डेने लोक हजारो वर्षं राहतात. त्यांच्या दक्षिणेला क्री लोक. हडसन बे कंपनीच्या व्यापारामुळे क्री लोकांच्या हातात बंदुका आधी आल्या आणि त्यांनी डेने वस्त्यांवर हल्ले केले. या शेजाऱ्यांना ते ज्या शब्दाने ओळखायचे, त्याचा अर्थ होता ‘बंदिवान’, ‘गुलाम’. पुढे युरोपीय व्यापारी क्री वाटाड्यांबरोबर इकडे आले. त्यांनी तोच शब्द भाषांतर करून नकाशावर टाकला. म्हणजे ज्यांचा तलाव, त्यांना कुणी विचारलंच नाही!

गंमत बघा, 1771 च्या अखेरीस सॅम्युएल हर्न हा इंग्रज इथे पोहोचला. इथे आलेला पहिला युरोपीय तोच, असं मानतात. त्याचा वाटाड्या होता मातोनाबी, जो स्वतः डेने होता. हर्नने तलावाचं नाव ‘अथापुस्को’ लिहिलं. ‘स्लेव्ह’ नंतर चिकटलं, आणि ते टिकलं.

मग डेने लोक काय म्हणतात? तिथे एकाहून जास्त डेने भाषा आहेत, म्हणून नावंही वेगवेगळी: तु नेधे, तिदे, तुचो. अर्थ मात्र एकच, मोठं पाणी. ‘चो’ म्हणजे मोठा. मॅकेन्झी नदीचं त्यांचं नाव ‘देह चो’, म्हणजे मोठी नदी.

नाव बदला, ही मागणी डेने लोकांमधून होत आली आहे. तिथे गावांची नावं बदललीही आहेत. 1993 मध्ये फोर्ट फ्रँकलिनचं डेलिने झालं. पण गाव एका समाजाचं असतं, हा तलाव अनेकांचा आहे. तिदे ठेवायचं की तुचो? शिवाय ‘स्लेव्ही’ हा शब्द आता तिथल्या दोन अधिकृत भाषांच्या इंग्रजी नावांतही बसलाय. एक पाटी बदलून हे सुटणारं नाही.

मला विचाराल तर नकाशावर एकाच वेळी दोन-तीन नावं असायला काय हरकत आहे? स्क्रीनवर जागा भरपूर आहे. निर्णय अर्थातच तिथल्या लोकांचा. आपण एवढं नक्की करू शकतो: पुढच्या वेळी मॅपवर एखादं नाव खटकलं, तर ते कुणी ठेवलं आणि कुणाला न विचारता ठेवलं, हे शोधायचं. तुम्हाला असं नाव सापडलं तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!