मोठे इंजिन आणि लहान गाडी

विहिरीचे पाणी खोल गेले म्हणजे शेतकरी पाच अश्वशक्तीचा पंप काढून साडेसातचा बसवतो. पंप नवा, पण केबल जुनी, स्टार्टर जुना आणि पाइपही जुनाच. पहिल्या दिवशी धार पाहून घरातली सगळी मंडळी खूश असतात. चार दिवसांनी केबल हाताला गरम लागते, मग स्टार्टरचा वास येतो, आणि एके रात्री सगळेच बंद पडते. दोष नव्या पंपाचा नसतो. त्याच्या मागेपुढे जे जुने राहिले, त्याला ती ताकद पेलत नाही.

आज याच जातीची एक हकीकत सांगायची आहे. ती मात्र विहिरीवरची नसून इंग्लंड-अमेरिकेतल्या एका मोटारीची आहे. मोटारीचे नाव कोब्रा. होय, आपला फणा काढणारा नागच!

लंडनच्या नैर्ऋत्येला थेम्स डिटन नावाचे गाव आहे. तिथे एसी नावाची मोटार कंपनी होती. दुकानदारांचा माल पोचवणारी तीन चाकांची गाडी करता करता ती पुढे नावारूपाला आली. 1953 साली तिने एस नावाची दोन माणसांची, बसकी, उघडी गाडी काढली. खाली पोलादाच्या दोन जाड नळ्यांचा सांगाडा, वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, आणि पुढे-मागे एकेक आडवा पाट्यांचा जुडगा, आपल्या ट्रकला असतात तशा पाट्यांचा. गाडी हलकी आणि वळणावर शहाणी. इंजिन मात्र जुने. त्याचा आराखडा 1919 सालचा. सुरुवातीला त्यातून चाळीसेक अश्वशक्ती मिळे. सुधारणा करीत करीत कंपनीने ती शंभरापर्यंत नेली, पण त्याला शेवटी मर्यादा होतीच. पुढे ब्रिस्टल कंपनीचे दोन लिटरचे इंजिन त्या गाडीत बसू लागले. 1959 साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ब्रिस्टलच्या इंजिनाची ही गाडी दोन लिटरच्या गटात पहिली आली.

त्याच शर्यतीत सगळ्यांत पहिली आली ती दुसरीच एक गाडी, अ‍ॅस्टन मार्टिन; आणि ती चालवणाऱ्या दोघांपैकी एक होता कॅरोल शेल्बी. हा टेक्ससचा माणूस. तुमच्यापैकी कोणी कोंबड्या पाळत असेल, तर त्याला या माणसाबद्दल आपुलकी वाटेल. महायुद्धानंतर शेल्बीने कुक्कुटपालन केले. पहिल्या खेपेला चांगला नफा झाला, दुसऱ्या खेपेला रोग आला, कोंबड्या मेल्या आणि धंदा बुडाला. पुढे तो शर्यतीकडे वळला. एकदा घाईत शेतावरचे पट्टेरी कामाचे कपडे अंगावर तसेच ठेवून तो शर्यतीला गेला. तो वेश लोकांना इतका आवडला की तीच त्याची ओळख झाली. पण त्याचे हृदय दुबळे होते. 1960 साली जिभेखाली गोळी धरून त्याने शेवटच्या शर्यती केल्या आणि मग चालवणे सोडले.

आता चालवायचे नाही, तर गाडी बनवायची! 1961 साली त्याला कळले की ब्रिस्टलने इंजिन देणे बंद केले असून एसी कंपनीजवळ गाडी आहे, पण तिला साजेसे इंजिन नाही. त्याने कंपनीला पत्र लिहिले: तुमच्या गाडीत अमेरिकन आठ सिलिंडरचे इंजिन बसवू या का? जनरल मोटर्सने त्याला इंजिन द्यायला नकार दिला. फोर्ड कंपनी तयार झाली. फोर्डने त्याच सुमारास पातळ भिंतीच्या ओतकामाचे नवे इंजिन काढले होते. लोखंडाचे असूनही ते वजनाला फारसे जड नव्हते, आणि सगळी किमया इथेच होती. फेब्रुवारी 1962 मध्ये इंजिन नसलेली गाडी विमानाने अमेरिकेत आली आणि काही तासांत इंजिन तिच्यात बसलेसुद्धा. शेल्बीजवळ गाडी एकच; तेव्हा प्रत्येक मासिकाच्या परीक्षकाकडे पाठवण्यापूर्वी तो तिला नवा रंग देई, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावे की यांच्या पुष्कळ गाड्या तयार आहेत. अशी ही व्यापाऱ्याची हिकमत.

इंजिन बसले, हे खरे. पण बसणे वेगळे आणि नांदणे वेगळे.

दोन लिटरच्या जागी सव्वाचार लिटर, म्हणजे शक्ती सुमारे दुप्पट आणि पीळ दुपटीहून अधिक. पीळ म्हणजे फिरवण्याचा जोर. मोठ्या नटावर लांब पाना लावून आपण जो देतो तो. हा पीळ इंजिनातून क्लचकडे, तिथून गियरपेटीकडे, लांब दांड्यावाटे मागच्या डिफरन्शियलकडे आणि शेवटी दोन मागच्या चाकांकडे जातो. साखळीतली सगळ्यांत कच्ची कडी कोणती, हे तो बरोबर शोधून काढतो. एसच्या जुन्या डिफरन्शियलला हा पीळ झेपला नसता, म्हणून जॅग्वारच्या ई-टाइप गाडीत असे त्या जातीचे दणकट डिफरन्शियल बसवावे लागले. मग सुकाणू. जुन्या पद्धतीची सुकाणूपेटी 1963 साली जाऊन तिच्या जागी दातेरी दांड्याची, अधिक नेमकी रचना आली. त्याच साली इंजिनही पावणेपाच लिटरचे झाले. पुढच्या मडगार्डांत बाजूला फटी पाडल्या, कारण बॉनेटखाली कोंडलेली गरम हवा बाहेर पडायला वाट हवी होती.

उष्णतेची ही गोष्ट जरा नीट समजून घेऊ. पेट्रोल जळून जेवढी ऊर्जा मिळते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच चाकांच्या कामी येतो. दुसरा हिस्सा धुराबरोबर जातो आणि उरलेला इंजिनाच्या अंगात मुरतो. तो पाण्याने, तेलाने आणि वाऱ्याने काढून न्यायचा असतो. म्हणजे इंजिनाची शक्ती दुप्पट केलीत तर काढायची उष्णताही जवळजवळ दुप्पट. मोकळ्या रस्त्यावर वारा मदत करतो. गावात, गर्दीत, उन्हात गाडी थांबली की वारा नाही आणि सगळा भार पंख्यावर पडतो. अशा गाडीच्या मालकाची नजर वेगाच्या काट्यापेक्षा पाण्याच्या आणि तेलाच्या काट्यावर अधिक असते, ती यासाठीच.

ब्रेकचा हिशेब तर शिक्षकांनी वर्गात मांडून दाखवावा असा आहे. एक टनाची गाडी ताशी 100 किलोमीटर वेगाने चालली आहे. ती थांबवायची म्हणजे तिच्यातली सगळी गतिज ऊर्जा उष्णता करून ब्रेकच्या चकत्यांत ओतायची. ही उष्णता इतकी की तिने सव्वा लिटर पाणी तीस अंशांपासून उकळीला येईल. आता तीच गाडी ताशी 200 ने चालवा. पोरे म्हणतील, वेग दुप्पट, तर पाणी अडीच लिटर. नाही! ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून चौपट. पाच लिटरहून अधिक पाणी उकळेल. आणि हे काही क्षणांत. कोब्राला चारही चाकांवर चकतीचे ब्रेक दिले होते ते शोभेसाठी नव्हेत. मोठ्या इंजिनावर पैसे खर्चून ब्रेक जुनेच ठेवणारा माणूस मला शूर वाटत नाही. त्याला हिशेब कळलेला नाही, एवढेच.

याहून नाजूक भाग टायरचा. टायरची जमिनीवर जी पकड असते, ती मोजकीच असते. ती पाळीच्या पाण्यासारखी समजा: एका वाफ्याने सगळे ओढून घेतले तर शेजारचा वाफा कोरडा राहतो. मागच्या चाकांना पुढे रेटायलाही पकड लागते आणि वळणावर गाडीला बाजूला घसरू न द्यायलाही तीच पकड लागते. लहान इंजिन पुढे रेटण्यात थोडीच पकड वापरते, म्हणून वळणावर चालकाने पाय जरा जास्त दाबला तरी निभावते. मोठ्या इंजिनाचे तसे नाही. वळणात असताना पाय अर्धा इंच अधिक गेला, तर सगळी पकड रेटण्यात खर्च होते, बाजूला धरायला काही उरत नाही, आणि गाडीचा मागचा भाग फिरून पुढे येऊ पाहतो. रस्ता ओला असेल तर पकड आणखी कमी आणि हे सरळ रस्त्यावरही घडते. अशी गाडी वागवणे म्हणजे पायाला सवय लावणे आहे. दाबायचे हळू, सोडायचेही हळू; एकदम सोडले तरी तोल जातोच. घाबरून पाय झटकन काढून घेणारा नवशिका पुष्कळदा याच क्षणी फसतो.

एवढ्यावर शेल्बी थांबला असता तर? पण शर्यतीत दुसऱ्यांच्या गाड्या जोरदार होत होत्या. तेव्हा सात लिटरचे इंजिन आणायचे ठरले. हे इंजिन जड होते, आणि जोर तर विचारूच नका. 1964 साली ते जुन्याच पाट्यांच्या सांगाड्यात बसवून अमेरिकेतल्या सेब्रिंग या ठिकाणी नेले. केन माइल्स हा कसलेला चालक; पण सरावातच गाडी त्याच्या हातून निसटून झाडावर आदळली. नळ्यांचा सांगाडा तोच, पाटे तेच, आणि त्यावर सात लिटरचा भार!

मग जे आधी करायला हवे होते ते केले. सांगाड्याच्या नळ्या तीन इंचांच्या होत्या, त्या चार इंचांच्या केल्या. पाटे गेले, त्यांच्या जागी वेटोळ्याच्या स्प्रिंगा आल्या. रुंद टायर बसावेत म्हणून मडगार्ड फुगवले. पुढचे तोंड मोठे केले, म्हणजे रेडिएटरला वारा जास्त. 1965 साली ही नवी गाडी बाहेर पडली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, तीच गाडी थोडी लठ्ठ झाली आहे. आतून ती निराळीच झाली होती. जाहिरातीत 425 अश्वशक्ती सांगितली जाई. गंमत अशी की रस्त्यावर चालवायला विकलेल्या यांतल्या काही गाड्यांत शर्यतीचे ते तिखट इंजिन नव्हतेच. जवळपास तेवढ्याच मापाचे, घरगुती मोठ्या मोटारींचे सौम्य इंजिन होते. गिऱ्हाइकाला ते कमीपणाचे वाटे. पण रोज वागवायला तेच बरे, असे माझे मत आहे. ते कमी फेऱ्यांवर शांतपणे ओढते आणि दर थोड्या दिवसांनी मिस्त्रीकडे जावे लागत नाही.

कारण तिखट इंजिनाची देखभालही तिखट असते. कोब्राच्या जोरदार इंजिनांत झडपा उघडणारे टेकू साधे, घन लोखंडी होते. झीज झाली की मधली फट बदलते, म्हणून ती फट ठरावीक काळाने पातळ पट्टीने मोजून पुन्हा लावावी लागते. घरगुती इंजिनात हे काम तेलाचा दाब आपोआप करतो. शिवाय सकाळी सुरू करताच जोरात पळवायचे नाही. गार तेल घट्ट असते, सगळ्या सांध्यांपर्यंत वेळेवर पोचत नाही, आणि पाणी गरम झाले तरी तेल गरम व्हायला आणखी वेळ लागतो. क्लच जड, गर्दीत डावा पाय भरून येतो. पेट्रोल लिटराला चार-पाच किलोमीटर. डोक्यावर कापडी छप्पर, तेही नावापुरते. पायांपाशी इंजिनाची धग, इतकी की उन्हाळ्यात बुटाचे तळवे तापतात.

आपल्याकडे असा उद्योग करायची कोणाला हौस असेल तर आधी कायदा पाहावा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे नोंदणीच्या कागदाशी जुळणार नाही असा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. इंजिनाचा क्रमांक त्या कागदावर असतो. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाचा रस्ता धरावा लागतो. कारखान्याने ब्रेक, पाटे आणि आस ठरवले, ते त्या इंजिनाच्या हिशेबाने. तो हिशेब मोडला तर विमेवालाही हात वर करू शकतो.

कोब्रा 1967 पर्यंत निघत होती; सगळ्या मिळून हजाराच्या आसपास. आता त्या गाड्या रत्नांच्या भावाने जातात. रंग बदलत फिरलेली ती पहिली गाडी 2016 साली लिलावात 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलरला गेली. शेल्बी हे पाहायला नव्हता. तो 2012 साली वारला. मात्र हुबेहूब नकला अनेक कारखाने आजही करतात आणि हौशी लोक त्यांत शेल्बीच्याहून मोठी इंजिनेही घालतात. सात लिटरवाल्या पुष्कळ गाड्यांत धुराच्या नळ्या दोन्ही बाजूंनी दाराखालून बाहेरच जातात. गाडी थांबवून सवयीने पाय खाली टाकला की पोटरी त्या तापल्या नळीला चिकटते. मालक लोक त्या डागाला साप चावला म्हणतात, आणि पाहुण्याला गाडीत बसवण्यापूर्वी पहिली सूचना देतात ती हीच: उतरताना पाय लांब टाका.