दहाची तार, तेहतीस नंबर

कोल्हापुरातला गिटारवाला दुकानात शिरला की म्हणतो, "भावा, दहाचा सेट दे." तिथून जेमतेम पन्नास किलोमीटरवर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत त्या सेटातली पहिली तार तारेच्या नंबरानं मागायची झाली, तर "तेहतीस" म्हणावं लागेल. दोन्हींची जाडी एकच, 0.254 मिलिमीटर. गिटारवाल्यांचा आकडा वाढला की तार जाड होते आणि तारवाल्यांचा आकडा वाढला की बारीक.

गंमत इथंच संपत नाही. गिटारच्या नेहमीच्या सेटातली सगळ्यात जाड तार "सेहेचाळीस"ची असते, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या थोडी आत. तारवाल्यांच्या हिशेबात सेहेचाळीस नंबर म्हणजे 0.06 मिलिमीटर, डोक्यावरच्या केसाएवढी! तेवढी बारीक तार इलेक्ट्रिक गिटारमध्येही असतेच, पण वाजवायला नाही. तारांखाली बसवलेल्या पिकअपच्या गुंडाळीत साधारण त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात.

नंबर उलटा का?

याचं उत्तर हुपरीच्या चांदी कारागिराला विचारावं. तार बारीक करायची तर ती भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीतून ओढायची. आधी मोठ्या भोकातून, मग त्याहून लहान, मग आणखी लहान. जितक्या वेळा ओढाल तितकी बारीक, आणि तितकाच नंबर मोठा. जगभर ही पद्धत होती आणि जगभर प्रत्येक कारखान्याची भोकं वेगळी होती. एकाचा वीस नंबर दुसऱ्याच्या वीसशी जुळेना. शेवटी इंग्रज सरकारनं 1883 मध्ये हुकूम काढून एकच मोजपट्टी ठरवली आणि 1 मार्च 1884 पासून ती लागू केली. हिंदुस्थानातल्या तारबाजारात ती येऊन जी बसली ती अजून उठलेली नाही. त्याच 1883 साली इकडं कोल्हापुरात गायन समाज देवल क्लब सुरू झाला. दोन्हींचा संबंध काही नाही, पण तंबोऱ्याच्या तारा लावणाऱ्यांना तारीख पाठ करायला सोपी.

गिटारवाल्यांचा हिशेब अमेरिकी: इंचाचा हजारावा भाग. शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर काम करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. त्याच्या मायक्रोमीटरवर "दहा थाऊ" दिसले की दहाची तार. कोणाला पाकिटावरच्या आकड्याचा संशय असेल तर त्यानं तार घेऊन एखाद्या ओळखीच्या टर्नरकडे जावं. चहाच्या पैशात निकाल लागतो.

दहा चोक चाळीस, मग सेहेचाळीस का?

फ्रेंच पाद्री मारँ मर्सेन यानं 1636 मध्ये तारेचे नियम छापले. लांबी आणि ताण तोच ठेवून तार दुप्पट जाड केली, तर स्वर बरोबर एक सप्तक खाली येतो. गिटारची पहिली आणि सहावी तार दोन्ही एकाच स्वराच्या, मधे अंतर दोन सप्तकांचं. म्हणजे पहिली दहाची असेल तर सहावी चाळीसची हवी. पाकिटावर मात्र सेहेचाळीस लिहिलेलं. कारण ही तार भरीव नाही. आत पोलादाचा गाभा, वर बारीक तारेचे वेढे, वेढ्यांच्या मधे हवा. म्हणून त्याच वजनासाठी जाडी थोडी जास्त लागते. मग सरळ चाळीसची भरीव तारच का लावत नाहीत? लावून बघा. ती तार राहत नाही, सळई होते. नीट वाकत नाही, थरथरत नाही आणि तिचे वरचे स्वर बेसूर बोलतात.

या सहा तारा मिळून गिटारच्या मानेला किती ओढतात याचा अंदाज बहुतेकांना नसतो. साडेपंचवीस इंची गिटारवर दहाचा सेट नेहमीच्या स्वरात लावला की ताण होतो सुमारे 47 किलो. सिमेंटचं जवळजवळ भरलेलं पोतं त्या नाजूक लाकडी मानेला दिवसरात्र लटकलेलं. नऊचा सेट लावला की हेच वजन 39 किलोच्या आत येतं. म्हणून तारांची जाडी बदलल्यावर मानेचा बाक बदलतो, तारा पडद्यांना घासायला लागतात आणि "नवीन तारा खराब निघाल्या" अशी तक्रार सुरू होते. तारा चांगल्या असतात हो, मानेतल्या सळईचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा राहिलेला असतो.

पैलवान तार

लाल मातीच्या गावात जाड ते दणकट असं वाटणं साहजिक आहे. नवशिकी पोरं अकराचा, बाराचा सेट लावतात, बोटं सोलून घेतात आणि वर त्याचा अभिमान बाळगतात. त्यांचं दैवत बहुधा टेक्ससचा स्टीव्ही रे वॉन. तो तेराची पहिली तार लावायचा हे खरं. पण तो सगळी गिटार अर्धा स्वर उतरवून लावायचा, त्यामुळं ताण दहा-अकरा टक्क्यांनी कमी व्हायचा, हे त्याचे भक्त सांगत नाहीत. त्याच टेक्ससमधला दाढीवाला बिली गिबन्स सातच्या तारा वाजवतो. सात! आणि त्याचा आवाज ऐकून कोणी त्याला किडकिडीत म्हणणार नाही. बी. बी. किंगनं एकदा त्याची गिटार हातात घेतली आणि एवढे कष्ट कशाला घेतोस असं विचारलं, तेव्हापासून तो बारीक तारांकडे वळला, असं गिबन्स स्वतःच सांगतो.

आणि जगातला सगळ्यात जडशीळ आवाज? तो तर बारीक तारांतूनच निघाला. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी 1965 मध्ये, सतरा वर्षांचा असताना, पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे पडद्यांवर दाबायचा हात हाच. त्यानं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या. पण त्या टोप्यांनी जाड तारा दाबता येईनात, म्हणून त्यानं बँजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. पुढं तारा सैल करून स्वरही खाली नेला. त्याच्या ब्लॅक सॅबथ बँडचा तो काळाकुट्ट आवाज असा तयार झाला.

बँजोच्या तारांची युक्ती त्याच्या आधीपासून अमेरिकेत चालू होती. 1950 च्या दशकातल्या सेटात तिसरी तारसुद्धा वेढ्यांची किंवा काठीसारखी जाड असायची, ओढली तरी हलायची नाही. मग वादक पाकिटातली सहावी फेकून देत, बाकीच्या एकेक घर खाली सरकवत आणि पहिल्या जागी बँजोची तार लावत. कॅलिफोर्नियातल्या अर्नी बॉल नावाच्या दुकानदाराच्या हे ध्यानात आलं. बारीक तारांचा सेट काढा म्हणून त्यानं मोठ्या कंपन्यांना सांगून पाहिलं, कोणी ऐकेना. 1962 मध्ये त्यानं स्वतःच "स्लिंकी" सेट बाजारात आणला. आज "दहाचा सेट" म्हणून जो 10-46 हातात पडतो, तो त्याच घराण्याचा.

आपली सतार मात्र या सगळ्यांना कधीच मागं टाकून बसली आहे. तिची बाजाची तार साधारण 0.30 मिलिमीटरची, म्हणजे गिटारच्या भाषेत बाराची. त्या तारेवर एकाच पडद्यावरून चार-पाच स्वरांची मींड निघते. गिटारवर एक-दीड स्वर ओढून लोक टाळ्या घेतात. अर्थात सतारीची दांडी रुंद, तार लांब आणि पडदे कमानदार, त्यामुळं ओढायला जागाच मोठी. चिकारीची तार मात्र 0.23 मिलिमीटरची, म्हणजे चक्क गिटारची नऊ नंबर.

चुंबक काढा

पाकिटावर "निकेल" असं ठसठशीत लिहिलेलं असतं आणि त्याचेच पैसे जास्त पडतात. आता हे ऐका: सेटातल्या तीन बारीक तारांमध्ये निकेल बहुधा नसतंच. त्या साध्या पोलादाच्या, वर कथिलाचा हलका मुलामा. शुद्ध निकेलचा महागडा सेट घ्या किंवा स्वस्तातला, पहिल्या तीन तारा जवळपास सारख्याच. फरक काय तो खालच्या तिघींच्या वेढ्यांत. साध्या सेटात ते वेढे पोलादाचे आणि त्यावर साधारण आठ टक्के निकेल. शुद्ध निकेलचे वेढे थोडे मऊ, गोल आवाजाचे, 1950 च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिकांसारखे. स्टेनलेस पोलादाचे तिखट, झणझणीत. 2012 मध्ये अर्नी बॉलनं कोबाल्टच्याही काढल्या. तांबड्या रश्श्याच्या गावाला कोणत्या आवडतील हे मी सांगत बसत नाही.

इलेक्ट्रिक गिटारला चव नंतर, चुंबकत्व आधी. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याची गुंडाळी. लोखंडाची तार वर थरथरली की गुंडाळीत वीज उठते, तीच पुढं अँप्लिफायरमध्ये जाते. 1931-32 मध्ये अमेरिकेत आलेल्या, तव्यासारख्या दिसणाऱ्या पहिल्या इलेक्ट्रिक गिटारपासून हे तत्त्व बदललेलं नाही. म्हणून साध्या लाकडी गिटारच्या ब्राँझ तारा इलेक्ट्रिकवर चढवल्या की वरच्या दोन साध्या तारा ओरडतात आणि खालच्या चार वेढ्यांच्या पुटपुटतात. पिकअपला त्यांच्या आतला बारीक गाभा तेवढा दिसतो, वरचं ब्राँझ दिसत नाही.

घरात मिरजेचा तंबोरा असेल तर फ्रिजवरचं चुंबक त्याच्या तारांना लावून बघा. जोडीच्या तारांना चिकटेल, खर्जाला नाही. जोडी पोलादाची, खर्ज पितळेचा किंवा ब्राँझचा. पितळ पोलादापेक्षा जड, त्यामुळं त्याच जाडीत आणि ताणात स्वर आणखी खाली उतरतो. मिरजेत फरीदसाहेब सतारमेकर यांच्या घराण्यानं एकोणिसाव्या शतकात वाद्यं घडवायला सुरुवात केली. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांचे हात भोपळ्याकडे वळले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याच्या तारेखाली जवारीसाठी दोरा सरकवून आवाज उघडणारे ते कारागीर, आणि गिटारची घोडी मिलिमीटरच्या भागात हलवणारे आजचे तंत्रज्ञ, दोघं एकमेकांशी दोन तास सहज बोलतील. एकदा कोणीतरी ती गाठ घालून द्यायला हवी.

मिरवणुकीतली इलेक्ट्रिक

कोल्हापुरात लोकांनी सगळ्यात जास्त ऐकलेलं विजेवरचं तारवाद्य कोणतं? माझ्या मते गिटार नाही, बेंजो. विसर्जनाला मिरजकर तिकटीवरून महाद्वार रोडकडे सरकणाऱ्या गर्दीत जो कर्ण्यातून किंचाळतो, तो. हे वाद्य मूळचं जपानी. नागोयाच्या मोरिता गोरो यानं 1912 मध्ये टाईपरायटरसारखी बटणं तारांवर बसवली. तिकडं नाव ताइशोगोतो, हिंदुस्थानात आल्यावर बुलबुल तरंग, आणि पिकअप लावून गाडीवर चढला की बेंजो. आयोमीच्या अमेरिकन बँजोशी याचं नावापलीकडं नातं नाही. पण याच्याही तारा पोलादाच्याच हव्यात, कारण पिकअपला दुसरं काही ऐकू येत नाही. नादखुळ्या गावात हे वाद्य रुजलं यात नवल नाही.

शाहिराच्या तुणतुण्याला यातली कुठलीच कटकट नाही. तार एकच.

ब्रँडच्या कुंडल्या

डॅडारिओ हे घराणं इटलीतल्या साले गावचं. तिथल्या 1680 च्या चर्चच्या नोंदीत या कुटुंबातल्या माणसाचा धंदा वाद्यांच्या तारा करणे असा लिहिलेला आहे. तेव्हा शिवाजी महाराजांच्या निधनाचं वर्ष चालू होतं! त्या काळी तारा मेंढीच्या आतड्याच्या, आपल्या सारंगीला लागते तशी तात. 1905 मध्ये ही मंडळी न्यूयॉर्कला गेली आणि पुढं आतडं सोडून पोलादावर आली.

एलिक्सर मात्र संगीतवाल्यांनी काढलेली नाहीच. ती गोर कंपनीची, जिचं गोर-टेक्स कापड महागड्या रेनकोटांत असतं. कळसूत्री बाहुल्या हलवायच्या केबलींवर काम करताना तिथल्या अभियंत्यांना तारेवर पातळ प्लास्टिकचा थर चढवायची कल्पना सुचली आणि 1990 च्या दशकात गिटारच्या तारांना रेनकोट मिळाला. आणि तारेच्या टोकाला जी पितळी कडी असते तिला इंग्रजीत बॉल म्हणतात, तिचा अर्नी बॉलशी काडीचा संबंध नाही. त्याचं ते आडनावच.

आता आपला पाऊस. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात कपडे वाळत नाहीत, तिथं तार काय टिकणार? पण तारेचा खरा शत्रू ढगात नसून बोटात आहे. घाम, तेल आणि मेलेली कातडी वेढ्यांच्या फटीत जाऊन बसते, तार जड आणि मंद होते, सूर धरत नाही. बासवाले पूर्वी तारा पातेल्यात उकळून ही घाण काढायचे. घरच्यांची परवानगी असेल तर करा. नाहीतर वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडानं वरून आणि खालून पुसा. खालची बाजू सगळे विसरतात आणि गंज तिथूनच चढतो.

बाकी निवड फार अवघड नाही. गिटार पावणेपंचवीस इंची गिब्सन धाटणीची असेल तर दहाचा सेट घ्या. लांबी कमी असल्यानं ताण आपोआप सहाएक टक्क्यांनी उतरतो. साडेपंचवीस इंची फेंडर धाटणीची असेल तर पहिलं वर्ष नऊचा. साध्या निकेल मुलाम्याच्या पुरे, ब्रँड दुकानात जो ताजा असेल तो. पुसायचा कंटाळा असेल त्यानंच रेनकोटवाल्या घ्याव्यात. पहिली तार मात्र सुटीसुद्धा मिळते, तुटते तीच सगळ्यात जास्त, आणि तुटते ती कार्यक्रमाच्या रात्री दुकानं बंद झाल्यावर. दोन जास्तीच्या घेऊन गिटारच्या पेटीत टाकून ठेवा.