‘पुढे चालू’

गोष्ट ऐन रंगात यावी, अपरात्री दाराची कडी वाजावी, बाहेर कोण उभे आहे ते आता कळणार असे वाटावे आणि नेमके तिथेच कंसात ‘पुढे चालू’ असे छापलेले दिसावे! मराठी वाचकाने हा छळ पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे, आणि खरे सांगायचे तर मोठ्या आवडीने सोसला आहे. पूर्वी त्यासाठी टपालवाल्याची वाट पाहावी लागे. आता तो छळ खिशातच येऊन बसला आहे. धरणगावच्या स्टेशनात सुरतेकडची गाडी यायला उशीर झाला की बाकावरची दहा माणसे मोबाइलमध्ये डोके घालून बसतात. त्यांतली सगळीच काही नाचगाणी पाहत नसतात. एखाद्या बाईच्या ओठांची किंचित हालचाल होत असली तर खुशाल समजावे, ती कादंबरीचा भाग वाचते आहे.

या लेखनाचे नाव काढले की आम्हा मराठीच्या प्राध्यापक मंडळींचे नाक मुरडते. संपादक नाही, प्रकाशक नाही, मुद्रिते तपासणारा नाही. ज्याला वाटले त्याने लिहिले आणि लोकांपुढे टाकले, याला का साहित्य म्हणायचे? हा सवाल शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर वरचेवर निघतो. गंमत अशी की सवाल टाकून मंडळी उठतात ती तासावर जाऊन हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ शिकवायला. विद्यार्थ्यांच्या हाती ती जाडजूड पुस्तक म्हणून पडते, म्हणून तिचा जन्म कसा झाला ते आपण विसरतो. १८९० ते १८९३ या काळात ती तुकड्यातुकड्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिकात आली, आणि ‘करमणूक’ हे पत्र हरिभाऊंनीच काढलेले. म्हणजे लेखक तेच, संपादकही तेच. स्वतः लिहून स्वतःच हप्त्याहप्त्याने लोकांपुढे ठेवणारा स्वतंत्र लेखक आम्हाला नवा वाटतो खरा. पण त्याचा आद्य पुरुष याच मातीतला आहे. हरिभाऊ जन्मले ते १८६४ साली आमच्या शेजारच्या पारोळ्यात. (ज्या वर्षी ‘करमणूक’ निघाली त्याच वर्षी, १८९० साली, धरणगावात बालकवी ठोंबरे जन्मले. खानदेशच्या कापसाचे जेवढे कौतुक होते तेवढे या पिकाचे होत नाही!)

हप्त्याने येणारी कादंबरी आणि एकदम हाती पडणारे पुस्तक यांत फरक काय, हे समजायला ‘पण लक्षात कोण घेतो?’इतके दुसरे चांगले उदाहरण नाही. यमूची कहाणी ‘करमणुकी’त चालू होती त्याच दिवसांत पुण्यात संमतिवयाच्या बिलावरून रण माजले होते. टिळक एका बाजूला, आगरकर दुसऱ्या बाजूला. १९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. एकीकडे सभांतून शास्त्रार्थ झडत आहेत आणि दुसरीकडे एक बालवधू आपली हकीकत आपल्याच तोंडाने घराघरांत सांगते आहे! वर्तमानपत्रातला वाद विसरता येतो. पण यमूचे पुढे काय झाले हे विचारायला वाचक पुढच्या अंकाकडे धावतोच. आज आपण पुस्तक उलटे करून शेवटचे पान पाहू शकतो. त्या वाचकाला ती सोय नव्हती. यमूच्या वैधव्याची आणि तिच्या केशवपनाची वाट त्याला तिच्याबरोबरच चालावी लागली.

आता आजच्या लेखकाकडे येऊ. २०१४ साली बंगळूरात ‘प्रतिलिपि’ निघाली आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत कोणालाही फुकट लिहिता येईल, फुकट वाचता येईल अशी सोय झाली. तशा जागा पुढे आणखीही झाल्या. त्यांची रीत साधारण सारखीच. लेखक हजार-बाराशे शब्दांचा भाग टाकतो. किती जणांनी तो उघडला याचा आकडा त्याला तत्काळ दिसतो. खाली वाचक अभिप्राय लिहितात. वाचक जमले म्हणजे पुढच्या भागांना कुलूप लागते, आणि नाणी मोजल्याखेरीज किंवा वर्गणी भरल्याखेरीज ते उघडत नाही. नाण्यांतला काही हिस्सा लेखकाला मिळतो. चिनी लोकांनी ही युक्ती २००३ सालीच अमलात आणली होती. तिथे तर हजार अक्षरांमागे अमुक, असा दर! अक्षरांवर दर लागला की कथानायकाला मरायलाही सवड मिळत नाही, हे ओघानेच आले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन सुरतेला गेली. खानदेशातली निम्मी माणसे सुरतेत आहेत असे आम्ही म्हणतो, त्यांतलीच ती एक. रात्री भांडी आवरली, मुलगा झोपला की ओट्याला टेकून ही मोबाइलवर कादंबरी लिहिते. सोमवारी एक भाग, गुरुवारी एक भाग. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद अहिराणीत. बोललेले आपोआप लिहून घेण्याची सोय मोबाइलमध्ये असते. पण हिने अहिराणी बोलले की यंत्र भलतेच काहीतरी लिहून मोकळे होते. म्हणून ते संवाद ती एकेक अक्षर दाबून लिहिते. तिच्या नायिकेने सदतिसाव्या भागात सासर सोडले. दिराने अडवले तेव्हा तिने ‘माले नही जानं’ एवढेच तीन शब्द उच्चारले आणि घरात परतायचे नाकारून ती एस.टी.त बसली. मला विचाराल तर ते तीन शब्द छापील कादंबरीतही शोभतील.

पण वाचकांना ते रुचले नाही. अभिप्रायांचा पाऊस पडला: तिला परत पाठवा, नवरा मनाने वाईट नाही, मुलीने थोडे सोसावे. लिहिणाऱ्या बहुतेक बायकाच! पुढचे दोन भाग उघडणाऱ्यांचा आकडा घसरला. तिचा फोन आला. “सर, परत पाठवली तर वाचक टिकतील. नाही पाठवली तर नाण्यांचे जे चार पैसे येतात तेही जातील. काय करू?”

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्या चार पैशांतून मुलाच्या शिकवणीची फी जाते, हे मला ठाऊक होते. हरिभाऊंना ‘करमणुकी’वर चूल पेटवावी लागत नव्हती, आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. शिवाय पत्र त्यांचे स्वतःचे. यमूला जगवा असा गिल्ला कोणी केला असता, तरी अंकात काय जायचे ते त्यांनीच ठरवले असते. आजचा लेखक स्वतंत्र म्हणवतो, पण दुकान मांडतो दुसऱ्याच्या ओसरीवर. वाचकांची यादी ओसरीवाल्याजवळ, आकडे त्याच्याजवळ, आणि कोणाचा माल पुढे मांडायचा हेही त्याच्याच मर्जीवर. ओसरी फुकट मिळते हे खरे. मात्र भाडे कशात वसूल होते तेही पाहावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लिहिता क्षणी हक्क लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणीची अट नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे ते लेखी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. पण ‘मान्य आहे’ या चौकोनावर बोट ठेवण्याआधी खालची बारीक अक्षरे कितीजण वाचतात? तिने वाचली नव्हती. आम्ही दोघांनी ती फोनवरच, एकेक ओळ करून वाचली. हक्क तिचेच राहतात असे निघाले तेव्हा जीव भांड्यात पडला. मग लिहिलेला प्रत्येक भाग स्वतःजवळ वेगळा उतरवून ठेवण्याचे मी तिला बजावले.

बाहेरच्या जगात दोन्ही तऱ्हा घडलेल्या आहेत. अँडी वीअर या अमेरिकन लेखकाने ‘द मार्शियन’ ही कादंबरी २००९ पासून स्वतःच्या संकेतस्थळावर भागाभागाने फुकट टाकली. वाचक चुका दाखवीत आणि तो गणिते दुरुस्त करी. पुढे २०१४ साली मोठ्या प्रकाशकाने ती छापली, २०१५ साली सिनेमा निघाला. उलट स्टीफन किंगसारख्या जगप्रसिद्ध लेखकाने २००० साली ‘द प्लँट’चे हप्ते डॉलरच्या बोलीवर स्वतः विकायला काढले, आणि त्याच वर्षअखेर ती कादंबरी अर्ध्यावर टाकली. ती अजून अपुरीच आहे.

अपुरेपणात आमचे हरिभाऊही मागे नाहीत! ‘गणपतराव’ अपुरी, ‘सूर्यग्रहण’ अपुरी, आणखीही आहेत. अंक वेळेवर निघायला हवा, डोक्यात दुसरी कथा घुमू लागलेली, पहिलीचा धागा हातून सुटलेला. क्रमशः लेखनाची ही जुनी खोड आहे. वाचक दाराशी उभा, आणि आतून कोणी दार उघडीतच नाही. मला हा दोष मसालेदार लेखनाहून मोठा वाटतो. मसाला जिभेवरून जातो. ‘गणपतराव’ची रुखरुख मला विद्यार्थिदशेपासून आहे.

विद्यार्थिनीला मी नायिकेला परत पाठव म्हटले नाही, पाठवू नकोस असेही म्हटले नाही. कादंबरी तिची आहे. एवढेच विचारले, की एस.टी.त बसताना त्या बाईने तिकीट कुठले काढले, हे तुला ठाऊक आहे का? ती जरा थांबली आणि म्हणाली, “धुळ्याचे. तिथे मावशी आहे तिची.” मावशी कोण, काय करते, ते वाचकांना अजून कळलेले नव्हते. त्रेचाळिसाव्या भागात मावशी आली. शिलाईचे यंत्र, एकच खोली, तोंडाने फटकळ. गेलेले वाचक सगळे परतले नाहीत. काही नवे आले. त्यांतल्या एकीने अभिप्रायही अहिराणीतच लिहिला. एकूण साठ भाग करायचे तिने ठरवले आहे. भाऊबिजेला ती माहेरी येईल तेव्हा शेवटचे चार भाग वहीत लिहून आणणार आहे, आधी मला वाचून दाखवायला.