शीतपेयांचा बाजार

वैशाखातील ऊन रणरणू लागले, की घसा कोरडा पडतो आणि काहीतरी थंड प्यावेसे वाटते. घरी असलो तर पन्हे असते, कोकमाचे सरबत असते, माठातील वाळ्याचे पाणी असते. परंतु एस. टी. स्थानकावर किंवा भर बाजारात उभे असताना आपली दृष्टी जाते ती दुकानातील रंगीबेरंगी बाटल्यांकडे. दुकानदार झाकण उघडतो, 'फस्स' असा आवाज होतो, बुडबुडे वर धावू लागतात आणि पाहता पाहता बाटली रिकामी होते. ती बाटली आपल्या हाती येण्यापूर्वी किती माणसांचे श्रम व किती कारखानदारांची चढाओढ तिच्यामागे असते, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

या पेयात असते तरी काय? पाणी, साखर, थोडे आम्ल, रंग, सुगंधी अर्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू. हा वायू थंड पाण्यात दाबाखाली अधिक प्रमाणात विरघळतो. झाकण उघडताच दाब कमी होतो आणि कोंडलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. पाण्यात हा वायू कसा मिसळावा, हे जोसेफ प्रीस्टले या इंग्रज शास्त्रज्ञाने १७६७ साली लीड्स येथे दाखवून दिले. तेव्हापासून ही कृती काही गुपित राहिलेली नाही. साखर आणि पाणी तर कोणालाही मिळते. मग या धंद्यात अवघड ते काय?

पहिली अडचण पाण्याच्या वजनाची. पेयाचा बहुतेक भाग पाणीच असल्यामुळे एका ठिकाणी पेय तयार करून ते देशभर पाठविणे परवडत नाही. म्हणून मोठ्या कंपन्या केवळ अर्क पाठवितात आणि त्यात पाणी, साखर व वायू मिसळून बाटल्या भरण्याचे काम ठिकठिकाणचे कारखाने करतात. अनेकदा हे कारखाने दुसऱ्याच्या मालकीचे असतात. त्यांचा मालक उद्या प्रतिस्पर्ध्याला जाऊन मिळाला, तर त्या भागातील सारा बाजार हातचा जातो.

दुसरी अडचण बाटलीची. काचेची बाटली गिऱ्हाइकाकडून दुकानात व दुकानातून कारखान्यात परत यावी लागते. तेथे ती धुऊन, पारखून पुन्हा भरतात. ज्याच्याकडे पुरेशा बाटल्या नाहीत, त्याच्याकडे गोड पेय असूनही विकायला काही नाही! आता प्लॅस्टिकच्या बाटल्यांनी हा त्रास वाचविला आहे. परंतु रिकाम्या बाटल्यांच्या ढिगांचे काय करावे, हा नवा प्रश्न उभा केला आहे.

तिसरी अडचण ऋतूची. उन्हाळ्याच्या तीन-चार महिन्यांत मागणी इतकी वाढते, की यंत्रांना विसावा नसतो. पावसाळा लागताच ती ओसरते. परंतु नोकरांचे पगार आणि कर्जाचे व्याज काही थांबत नाही.

या अडचणींतून स्पर्धा कशी चालते, हे आपल्याच देशाच्या उदाहरणावरून समजेल. कोका-कोला हे अमेरिकन पेय १९५० साली भारतात आले आणि शहरांत चांगलेच रुळले. पुढे १९७३ साली परकीय चलनाच्या नियमनाचा कायदा झाला. परदेशी कंपन्यांनी येथील आपला हिस्सा शेकडा ४० पर्यंत खाली आणावा, असे त्यामुळे ठरले. १९७७ साली जनता पक्षाचे सरकार आले व जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले. हिस्सा तर कमी करावाच, शिवाय अर्काची कृतीही भारतीय कंपनीस द्यावी, असा सरकारचा आग्रह होता. कंपनीने त्यास नकार दिला आणि आपला गाशा गुंडाळला.

बाजारात मोठी पोकळी निर्माण झाली. ती भरून काढण्यासाठी तिघे पुढे आले. सरकारच्या मॉडर्न बेकरीज या कंपनीने 'डबल सेव्हन' नावाचे पेय काढले. कोका-कोलाच्या बाटल्या भरणाऱ्या दिल्लीच्या प्युअर ड्रिंक्स कंपनीने 'कॅम्पा कोला' आणले. मुंबईच्या विलेपार्ले उपनगरावरून नाव घेतलेल्या पार्ले समूहातील रमेश चौहान यांनी 'थम्स अप' बाजारात आणले. डबल सेव्हनच्या पाठीशी प्रत्यक्ष सरकार होते, तरी ते लोकांच्या पसंतीस फारसे उतरले नाही आणि थोड्याच वर्षांत मागे पडले. थम्स अपची चव कडक होती, आणि पार्लेची लिम्का, गोल्ड स्पॉट ही पेये आधीच घरोघर माहीत होती. त्यामुळे थम्स अप देशात अग्रेसर ठरले. कायद्याने प्रतिस्पर्धी दूर करता येतो, गिऱ्हाईक मात्र आपल्याच गुणांनी मिळवावे लागते, हाच याचा अर्थ.

पुढे काळ बदलला. १९९० साली पेप्सी आली आणि १९९३ साली कोका-कोलाही परतली. जगभर पैसा व अनुभव मिळविलेल्या दोन बलाढ्य कंपन्यांशी आता गाठ होती. त्याच वर्षी पार्लेने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट इत्यादी पेये कोका-कोलास विकून टाकली. मुंबईच्या ड्यूक्स या जुन्या कंपनीची पेये लवकरच पेप्सीकडे गेली. कोका-कोलाने प्रथम आपल्या स्वतःच्या पेयावर अधिक भर दिला. परंतु लोक दुकानात जाऊन थम्स अपच मागत. अखेर कंपनीला ते जोपासावे लागले. २०२१ साली त्याची वार्षिक विक्री १ अब्ज डॉलरपर्यंत पोहोचली. मालक बदलला, पण लोकांची जीभ बदलली नाही.

पुढे स्पर्धा किमतीवर येऊन ठेपली. २००३ साली कोका-कोलाने २०० मिलिलिटरची बाटली ५ रुपयांस दिली, तेव्हा खेड्यापाड्यांतही ती जाऊन पोहोचली. परंतु त्याच वर्षी दिल्लीच्या एका संस्थेने या पेयांत कीटकनाशकांचे अंश आढळल्याचे जाहीर केले. देशभर खळबळ उडाली. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या संसदीय समितीने २००४ साली त्या निष्कर्षास दुजोरा दिला. केरळातील प्लाचिमडा गावी विहिरींचे पाणी आटल्याची व बिघडल्याची तक्रार गावकऱ्यांनी केली, आणि कोका-कोलाचा तेथील कारखाना २००४ साली बंद पडला. ज्या पाण्यावर हा धंदा उभा आहे, तेच पाणी शुद्ध न ठेवले किंवा शेजाऱ्यांच्या तोंडचे काढून घेतले, तर जाहिरातीवर ओतलेला पैसा पाण्यात जातो.

स्पर्धा अजून संपलेली नाही. विस्मृतीत गेलेले कॅम्पा २०२२ साली रिलायन्सने विकत घेतले आणि २०२३ साली २०० मिलिलिटरची बाटली १० रुपयांस देऊन पुन्हा बाजारात उतरविले. बड्या कंपन्यांना किमतीचा विचार पुन्हा करावा लागला.

मुलांनो, स्पर्धेमुळे वस्तू स्वस्त व सुलभ होते, हा तिचा गुण आहे. परंतु ज्याच्याकडे पैसा अधिक, त्याच्यासमोर लहान कारखानदारास टिकाव धरणे कठीण जाते, हेही तितकेच खरे. या झगड्यात पंच म्हणून बसलेला असतो तो गिऱ्हाईक, म्हणजे तुम्ही आणि मी. पंचाने डोळे उघडे ठेवले पाहिजेत. अशा गोड पेयाच्या १०० मिलिलिटरमध्ये बहुधा १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. ती नित्य प्याल्याने दात किडतात व शरीर स्थूल होते. बाटलीवरील बारीक अक्षरे वाचावीत, जाहिरातीस न भुलता निवड करावी, आणि कधीतरी आईच्या हातच्या पन्ह्यालाही या स्पर्धेत उतरू द्यावे. त्याला जाहिरात लागत नाही.