शब्दांचे बारदान : मराठी मजकूर संगणकाची स्मृती का व्यापतो?

बेळगाव-निपाणी पट्ट्यातील बोलीचे शब्द मोजण्यासाठी मराठी-कन्नड मिश्र मजकुराची ३०० एमबीची फाइल पायथन भाषेतील प्रोग्रामला दिली, असे समजू. प्रोग्रामने दीड जीबीहून अधिक स्मृती घेतली आणि साधा लॅपटॉप अडखळला. अशा वेळी मजकूर छाटण्याचा मोह होतो आणि कात्री बहुधा विरळ, सीमेवरच्या शब्दांवरच चालते. म्हणून आधी कारण शोधावे.

पहिली शंका लिपीवर येते. ‘अक्का’ हा कन्नडमधून आलेला शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो; युनिकोडमध्ये मात्र तो अ, क, हलन्त, क आणि काना अशी पाच चिन्हे होतो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण पंधरा. कन्नड चिन्हालाही तीनच लागतात. पण फाइल वाचल्यावर पायथन ही चिन्हे प्रत्येकी दोन बाइटांत ठेवतो. त्यामुळे मजकूर स्मृतीत उलट आटतो : सुमारे २२० एमबी. लिपी निर्दोष ठरते.

याला एक अपवाद आहे. २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडी लिपीच्या चिन्हांना दोन बाइट पुरत नाहीत. अख्खी फाइल एकाच स्ट्रिंगमध्ये वाचली आणि तीत मोडीचे एक जरी अक्षर असले, तरी पायथन त्या स्ट्रिंगमधील प्रत्येक चिन्हाला चार बाइट देतो. २२० चे ४४० होतात. इमोजीचेही तसेच.

तरीही दीड जीबीचा हिशेब लागत नाही. तो शब्द सुटे केल्यावर लागतो. शब्द सरासरी सहा चिन्हांचा धरला, तर या फाइलमध्ये दीड कोटींहून अधिक शब्द निघतात. प्रत्येक सुट्या शब्दासोबत पायथन त्याची लांबी, प्रकार वगैरे नोंदी ठेवतो. शब्दाचा ऐवज बारा बाइट, नोंदी त्याच्या कित्येक पट. निपाणीच्या तंबाखू बाजारात मालापेक्षा बारदानच जड भरावे, तसे हे होते.

हे अंदाजाने नव्हे, मोजून ठरवावे. फाइल वाचल्यावर, शब्द सुटे केल्यावर आणि मोजणीनंतर स्मृतीचा आकडा टिपावा. पायथनमधील ‘ट्रेसमॅलॉक’ कोणत्या ओळीने किती स्मृती घेतली ते दाखवते. मग तीच फाइल एकाच चालू प्रोग्राममध्ये पुन्हापुन्हा द्यावी. आकडा पहिल्या फेरीनंतर स्थिरावला, तर ती साठवण आहे. प्रत्येक फेरीला चढतच गेला, तर काम संपलेल्या वस्तू कुठेतरी धरून ठेवल्या जात आहेत.

उपाय सोपा आहे. फाइल ओळीओळीने वाचावी. मग मोडीचे अक्षर आले तरी तेवढी ओळच फुगते. शब्दांची यादी न साठवता थेट मोजणी ठेवावी. ‘आणि’ लाख वेळा आला तरी नोंद एकच राहते आणि एकदाच आलेल्या बोलीतील शब्दालाही जागा उरते. छाटायचे ते बारदान, शब्द नव्हेत.