पाल, पालु आणि आजोबांची वही

‘पाल’ म्हटले की मराठी माणूस भिंतीकडे पाहतो. आमच्या आदिलाबादला मात्र एवढ्याने भागत नाही. मी तेथे मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलो. घरात मराठी, गल्लीत तेलुगू. सकाळी दूधवाला “पालु, पालु” असे ओरडत आला की गावाकडून आलेले पाहुणे दचकत!

तेलुगूत पालु म्हणजे दूध, आणि तेही नेहमी अनेकवचनी. तमिळमध्ये दुधाला पाल म्हणतात. आमच्या जिल्ह्यातील गोंडी व कोलामी बोलींतही पालच. येथे शिकायला आलो तेव्हा कन्नड मित्र ‘हालु’ म्हणू लागला. मला वाटले, हा वेगळाच शब्द. पण जुन्या कन्नडमधील शब्दारंभीचा ‘प’ पुढे ‘ह’ झाला. तमिळ ‘पू’ म्हणजे फूल, कन्नडमध्ये ‘हू’; तसेच हे.

भिंतीवरच्या पालीचे कूळ निराळे. ती संस्कृत ‘पल्ली’वरून आली. तमिळमध्ये तिला पल्लि, तेलुगूत बल्लि आणि कन्नडमध्ये हल्लि म्हणतात. येथेही ‘प’चा ‘ह’ झालेला वाचकांच्या ध्यानात येईल. गोपाल, राज्यपाल यांतील ‘पाल’ म्हणजे सांभाळणारा. गोपाळाचा दुधाशी संबंध आहे, पण त्याच्या ‘पाल’चा नाही!

मराठीत आणखी एक पाल आहे, कापडाचे. पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. तेथे दुकानदार पाल ठोकून बसतात. मराठी दुकानदाराचे पाल म्हणजे डोक्यावरचे कापड आणि समोरच्या गोंड गिऱ्हाइकाचे पाल म्हणजे चहातले दूध. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, तेव्हा किनवट व राजुरा हे तालुके आमच्या जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले. आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. तरी बाजारात या साऱ्या भाषा अजून एकमेकींना खेटूनच बसतात.

आता वाणिज्याच्या विद्यार्थ्याला जवळचा अर्थ. तेलुगू आणि कन्नड या दोन्ही भाषांत पालु म्हणजे वाटासुद्धा. कन्नडमध्ये भागीदाराला ‘पालुदार’ म्हणतात. आपल्या ‘भागीदारा’प्रमाणेच त्यालाही फारसी ‘दार’ जोडलेला आहे. तमिळ ‘तिरुक्कुरळ’ या ग्रंथाच्या तीन भागांनाही ‘पाल’ असेच नाव आहे.

हा अर्थ मी कोशात नव्हे, घरी शिकलो. माझे आजोबा एका तेलुगू शेजाऱ्याबरोबर भागीत म्हशी पाळत. करारपत्र नव्हते, आजोबांची देवनागरीतील वही हाच पुरावा. दोघेही वारल्यावर शेजाऱ्यांच्या घरची अम्मा बाबांना म्हणाली, “दोन महिन्यांचा आमचा पालु राहिला आहे.” बाबांना वाटले, ती दुधाचे पैसे मागते. “दुधाचा हिशेब रोजच्या रोज चुकता होत होता,” असे म्हणून त्यांनी तिला परत पाठवले. दोन घरांचे बोलणे बंद झाले.

माझ्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. मी वही काढून बसलो. रोजच्या नोंदींपुढे लिटर होते आणि तेथे शब्द होता ‘दूध’. ‘पालु’ फक्त महिनाअखेरीस येई व त्यापुढे रुपये असत. विक्रीतून चारापाण्याचा खर्च वजा केला तर ती रक्कम बरोबर निम्मी भरे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानेही, वेगळा करार नसेल तर नफा समसमानच वाटायचा असतो. शेवटच्या दोन महिन्यांच्या ‘पालु’पुढे ‘दिले’ हा शेरा नव्हता.

बाबांनी वही दोनदा पाहिली आणि त्याच संध्याकाळी पैसे घेऊन ते अम्माकडे गेले. मीही बरोबर होतो. तिने पैसे मोजले नाहीत. आत जाऊन चहा ठेवला. चहात पालु जरा जास्तच होते.