पार्टी सगळ्यांची, प्लेट माझी!

गेल्या महिन्यातला एक शुक्रवार. ग्रुपमधल्या एकीला प्लेसमेंट मिळाली आणि लगेच ‘पार्टी पाहिजे’चा गजर सुरू झाला. संध्याकाळी एफसी रोडवरच्या एका हॉटेलात आम्ही सात जण. वेटर आला आणि कुणीतरी मेन्यूकार्ड न उघडताच सांगून टाकलं, ‘चार पावभाजी, तीन चीज ग्रिल, सात कोल्ड कॉफी.’ मी तोंड उघडेपर्यंत वेटर वळलासुद्धा होता! आलेलं सगळं मी खाल्लं. कॉफी तर अजिबात नको होती, तरी प्यायले.

आता म्हणाल, त्यात काय एवढं? तर दोन महिन्यांपूर्वी थकवा जात नव्हता म्हणून मी रक्त तपासून घेतलं. एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी चाचणी. आकडा आला ५.९. यात ५.७ ते ६.४ म्हणजे प्री-डायबेटिस, मधुमेहाचा उंबरठा. बाबांना डायबेटिस आहे, आजीलाही होता. पण मी फक्त बावीसची! डॉक्टरांनी औषध दिलं नाही. ‘खाणं सांभाळ, रोज चाल, तीन महिन्यांनी परत ये,’ एवढंच म्हणाले. मी एकटी नाही, हे नंतर कळलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात साडेतेरा कोटींच्या आसपास लोक याच उंबरठ्यावर आहेत.

‘एक दिवसाने काय होतंय?’

मेसच्या डब्यात डाएट नीट बसतं. पोळ्या मोजता येतात, भात कमी घेता येतो. गाडी घसरते ती बाहेर. हे वाक्य तर प्रत्येक टेबलावर ऐकू येतं, ‘एक दिवसाने काय होतंय?’ म्हणून मी मागच्या महिन्याचे यूपीआय व्यवहार काढून बघितले. वाढदिवस, सबमिशन संपल्याचा आनंद, पावसातली भजी, मेसला सुट्टी... ‘एक दिवस’ महिन्यात अकरा वेळा आला होता!

आणि भूक हे त्याचं खरं कारण नव्हतंच. आपण वेगळं मागवलं तर भाव खातोय असं वाटेल, ही भीती होती. शिवाय बिल सातांत समान वाटलं जाणार. मग पैसे दिलेत तर खाऊनच घेऊ, असा हिशेब.

ऑर्डर पहिली आपली

आता मी काही गोष्टी ठरवून टाकल्या आहेत. तुम्हालाही उपयोगी पडतील.

उपाशीपोटी जायचं नाही. निघण्यापूर्वी मूठभर फुटाणे-शेंगदाणे खाल्ले, की समोरच्या फ्राइजवर तुटून पडायला होत नाही.

काय खायचं ते घरूनच ठरवायचं. मेन्यू ऑनलाइन असतोच. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या साखळी हॉटेलांना जुलै २०२२ पासून मेन्यूवर कॅलरीज लिहिणं बंधनकारक आहे. त्या आकड्यांकडे एकदा बघा तरी!

वेटर आला की सगळ्यांत आधी आपण सांगायचं. दुसऱ्याचं ऐकलं की मन फिरतं, हा स्वानुभव.

आवडीचं बंद करायचं नाही, फक्त सांगून मागवायचं. मिसळीत फरसाण कमी, तर्री वेगळी आणि पाव एकच. पावभाजीवर वरून बटर नको. मेदूवड्याऐवजी इडली-सांबार. मस्तानी प्यायचीच असेल तर वन बाय टू. वेटरकाका अजिबात वैतागत नाहीत. ‘बटर नको’ म्हणणारे त्यांना रोज भेटतात.

सगळ्यात सोपा बदल पेयांचा. कोला पेयाच्या ३०० मिलीच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. बाटलीवरच वाचा. त्याऐवजी साधं ताक घ्या किंवा सरळ पाणी प्या.

हं, पीसीओएस, थायरॉइड किंवा शुगर असेल तर प्लॅन मात्र डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच. मैत्रिणीचं डाएट आपल्याला चालेलच असं नाही.

सांगून तर बघा

सगळ्यात अवघड होतं ते ग्रुपला सांगणं. ‘डाएटवर आहे’ म्हटलं की चेष्टा होते. म्हणून मी खरं कारण सांगितलं, एकदाच, रिपोर्टच्या आकड्यासकट. दोन मिनिटं शांतता. मग एक मित्र म्हणाला, ‘आधी बोलायचंस ना!’ आणि प्लेसमेंटवाली हळूच म्हणाली, ‘मलाही त्या दिवशी कोल्ड कॉफी नको होती गं.’ म्हणजे सातांतल्या निदान दोघींनी नको असलेली कॉफी संपवली होती, एकमेकींसाठी!

तेव्हापासून ग्रुपचं बिल टीटीएमएम. तुझं तू, माझं मी. ज्याने जे खाल्लं त्याचे पैसे त्याने द्यायचे. त्यामुळे उगाच खाणं थांबलं आणि महिनाअखेरीला खिशातही चार पैसे दिसतात.

माझी पुढची तपासणी दोन आठवड्यांनी आहे. आकडा काय येईल माहीत नाही. त्याआधी इंटर्नशिपचा पहिला स्टायपेंड होतोय, म्हणजे पार्टी माझ्याकडून. जागा मी ठरवलीय, थालीपीठ आणि ताक चांगलं मिळतं तिथे. ज्याला कोल्ड कॉफी हवी असेल त्याने खुशाल मागवावी.

फक्त कॉफीचं बिल टीटीएमएम!